व्याह्यांस कळवतो की, घरात स्मोकर आला आहे

लीड्स,
सप्टेंबर २००९

माननीय श्री. रघुवीरराव खांबेटे यांस,

जगदीश गजभिये याचा जय भीम आणि नमस्कार. दोन्ही लिहिले आहेत, आपण त्यातला सोयीचा घ्यावा. दोन्ही घेतलेत तर मला आनंदच आहे. आपली प्रकृती कशी आहे? डावा खांदा आता बराच मोकळा झाला असून आपण सकाळी पुन्हा टेकडीवर जाऊ लागलात, असं सुचेतावहिनींच्या फोनवरून समजलं. (वहिनी आमच्या द्रौपदीला अधूनमधून फोन करतात हे आपल्याला ठाऊक नसेल, तर मागचं वाक्य वाचलंच नाही असं समजावं.)

आपण व्याही होऊन तीन वर्षं होत आली, पण भेटीचा योग आला नाही. लग्नाच्या दिवशी आपल्याला ताप होता, असं आम्हाला कळवण्यात आलं होतं. त्या तापाचं कारण मलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही, तेव्हा ते कागदावर उतरवून दोघांनाही अवघडून टाकत नाही. वीज मंडळातल्या नोकरीत मी इतक्या लोकांना इतके ताप आलेले पाहिले आहेत की हल्ली मला राग येत नाही, नुसता थकवा येतो. तो गुडघ्यांतून सुरू होतो आणि वर चढत जातो.

आपण म्हणाल, मग हा गृहस्थ आता एवढं लांबलचक पत्र कशाला लिहितो? तर मृणालची खुशाली कळवावी, एवढ्याचसाठी. मी आणि द्रौपदी मे महिन्यापासून शार्दूलकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, लीड्सला आहोत. मृणाल बरी आहे. थोडी बारीक झाली आहे, पण इथे वारा असा सुटतो की सगळेच अंग चोरून चालतात आणि बारीक दिसतात. बँकेतली नोकरी टिकून आहे (तिच्या मजल्यावरच्या बऱ्याच खुर्च्या ह्या वर्षात रिकाम्या झाल्या, तिची राहिली). मात्र ह्या उन्हाळ्यात तुमच्या मुलीने काय केलं असं कुणी मला विचारलं, तर उत्तर दोन शब्दांचं आहे आणि ते दोन शब्द समजावून सांगण्यात माझं हे पत्र खर्ची पडणार आहे. ते शब्द म्हणजे पेलेट स्मोकर.

त्याआधी एक खुलासा. आपलं घर पूर्ण शाकाहारी. आमचं नागपूरचं घर त्याबाबतीत काय आहे ते आपण ऐकून असालच. पुढे एका वस्तूचा उल्लेख टाळता येणार नाही, तेव्हा तिथे मी ‘सदर पदार्थ’ असं लिहीन. मंडळात ज्याचं नाव घेणं अडचणीचं असे, त्याला आम्ही ‘सदर’ लावून पुढे जात असू. आमचे एक वरिष्ठ तर निवृत्त होईपर्यंत ‘सदर अधिकारी’ म्हणूनच वावरले आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

तर गेल्या वर्षी मृणालच्या बँकेने तिला काही महिने अमेरिकेत टेक्ससला पाठवलं होतं. तिथे तिच्या एका सहकाऱ्याच्या परसात तिने हे यंत्र पाहिलं. बाहेरून ते आडव्या टाकलेल्या पिंपासारखं दिसतं, वर धुराडं. बाजूला एक पेटी, तीत लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या कांड्या भरायच्या. ह्या कांड्या म्हणजे पेलेट. आत विजेवर फिरणारा एक स्क्रू असतो, तो पिठाच्या गिरणीसारखा थोडथोड्या कांड्या विस्तवाकडे ढकलतो, पंखा वारा घालतो, आणि सदर पदार्थ दिवसभर मंद धुरात शिजत राहतो. माणसाने जवळ बसायला नको, फुंकर नको, डोळे चोळणं नको. ज्या देशात माणसांना शेजारी बसायला वेळ नाही तिथे हे यंत्र निघावं हे योग्यच आहे. मृणाल त्याबद्दल अधूनमधून बोलायची, पण कौतुकाने, एखाद्या पाहिलेल्या धबधब्याबद्दल बोलावं तसं. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी मात्र ती फोन ठेवून जिन्यावरून खाली आली, लॅपटॉप उघडला आणि आपण पेलेट स्मोकर घेतो आहोत, असं तिने जाहीर केलं. शार्दूलने का, असं विचारलं. ती म्हणाली, का नाही? शार्दूल चहा टाकायला उठला. (तो माझ्यावर गेला आहे.)

बजेट तिने तिथल्या तिथे ठरवलं. आकडा सांगितला आणि त्याच्या वर एक पेनीही नाही म्हणाली. मला ती शिस्त आवडली. पण शिस्त आणि हौस एकाच माणसात असली की घरातल्या बाकीच्यांचे शनिवार जातात, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तिने कॉम्प्युटरवर तक्ता केला. पेटीत कांड्या किती मावतात, पत्रा किती जाड, तापमान आपोआप राखतो की हाताने, गॅरंटी किती, पावसात टिकेल का. आपली मुलगी हिशेबाला किती पक्की आहे ते मी आपल्याला सांगायची गरज नाही. मला तिने तांत्रिक सल्लागार नेमलं. नेमणूक बिनपगारी होती, पण निवृत्तीनंतर कुणी आपलं मत विचारणं हेच इतकं दुर्मीळ की मी लगेच चष्मा पुसला आणि रुजू झालो. ती माझी चूक.

पहिले काही शनिवार आम्ही बागकामाच्या दुकानांत काढले. इथे ही दुकानं आपल्याकडच्या मंगल कार्यालयाएवढी असतात आणि बसायला एकच बाक, तोही विकायला ठेवलेला. मी त्या बाकांवर बसून ते सगळे तपासले आहेत. ह्या देशात बार्बेक्यू म्हणजे वर्षातून दोनदा, छत्री धरून, कोळशावर काहीतरी करपवणं. तिथे पेलेट स्मोकर हा शब्द कुणी ऐकलेलाच नव्हता. एका ठिकाणच्या मुलीने ‘पेलेट’ एवढंच ऐकलं आणि आम्हाला सशांच्या खाद्यापाशी नेऊन उभं केलं. मृणालने न रागावता सगळं समजावून सांगितलं, लाकडाच्या कांड्या, त्या यंत्रात घालायच्या. मग त्या मुलीचा चेहरा उजळला आणि तिने आम्हाला मांजरांच्या विभागात नेलं. तिथे खरोखरच लाकडाच्या कांड्यांची पोती होती. मांजराने घरातल्या घरात विधी उरकावा म्हणून त्या पसरून ठेवतात. मी एक कांडी हातात घेऊन बारकाईने पाहिली, वास घेतला, आणि लाकूड चांगलं आहे असा अभिप्राय दिला. मृणाल त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली. दुकानातून बाहेर पडेपर्यंत हसत होती.

पुढच्या शनिवारी बर्मिंगहॅम. इंटरनेटवर जाहिरात सापडली: स्मोकर, पेलेटवर चालतो, थोडा वापरलेला, किंमत नाममात्र. फोटो नव्हता. किंमत बजेटच्या इतकी खाली होती की मला संशय आला, पण सल्लागाराचं मत त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. तासन्‌तास गाडीत बसून आम्ही पोचलो. दार एका वृद्ध बाईंनी उघडलं, आम्हाला मागच्या अंगणात नेलं, आणि मृणालच्या हातात भाता लावलेला एक पत्र्याचा डबा ठेवला. तो मधमाश्यांना धूर द्यायचा स्मोकर होता. आत पेलेट घालतात हे खरं, त्यामुळे जाहिरात खोटी म्हणता येईना. आम्ही कुठून आलो ते ऐकून बाईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चहा केला, मग मधमाश्यांची पोळी दाखवली, मग राणीमाशी दाखवली, आणि मग राणीमाशी मेल्यावर पोळ्यात काय होतं ते इतकं सविस्तर सांगितलं की मी जाळीच्या टोपीत उभ्या उभ्या पेंगलो. येताना भिडेखातर मधाच्या बऱ्याच बाटल्या घेतल्या. अजून तोच मध खातो आहोत. सर्दी होत नाही, हे खरं.

मग लंडनच्या पलीकडे एक दुकानदार सापडला, तो अमेरिकेहून नवीन यंत्रं मागवत असे. तिथे गेलो. यंत्र देखणं होतं. मृणालने झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. किंमत पाहिली, तक्ता पाहिला आणि आभार मानून निघाली. दुकानदाराने हप्त्यांची गोष्ट काढली, तर ती म्हणाली, जे नाही त्यातून घ्यायचं नाही. (हे वाक्य आपल्याकडून आलं असावं असा माझा अंदाज आहे.) परत येताना मी भीत भीत विचारलं की कॅमडेन वाटेत येतं का. येत नव्हतं. तरी तिने गाडी वळवली. बाबासाहेब विद्यार्थी असताना ज्या घरात राहिले, ते घर मला बघायचं होतं. घर दुसऱ्याच कुणाचं, दार बंद, पाऊस भुरभुरत होता. मी फुटपाथवर उभा राहिलो. शार्दूल गाडी कुठे लावावी ह्या विवंचनेत. मृणाल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, “बाबा, इथे बूट काढायचे का?” ओल्या फुटपाथवर. मी म्हटलं, नको गं, सर्दी होईल. पण रघुवीरराव, गाडीत बसल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होतो. हा मजकूर स्मोकरच्या विषयात बसत नाही, पण ओघात आला तो आला.

जुलैत यंत्र मिळालं. हॅरोगेटच्या बाजूला एक अमेरिकन कुटुंब राहत होतं, ते मायदेशी परत चाललं होतं आणि घरातलं सगळं काढून टाकत होतं. वापरलेला, पण खरा पेलेट स्मोकर. किंमत बजेटच्या निम्म्याहून कमी. तक्त्यातल्या बहुतेक रकान्यांत ते पास झालं. मालक सहा फुटी, बोलका गडी, त्याने मृणालला सगळं उघडून समजावलं, आणि आपण हे मागे टाकून जातो आहोत म्हणून त्याचे डोळे भरून आले. माझी छाती दडपली ती त्याचं वजन बघून. यंत्राचं. शेजारच्या डेरेककडून आम्ही ट्रेलर मागून नेला होता. डेरेक हे निवृत्त बांधकाम ठेकेदार, यॉर्कशरचे. त्यांचं इंग्रजी मला कळत नाही आणि माझं त्यांना कळत नाही, त्यामुळे आमचं उत्तम जमतं. यंत्र चढवताना माझ्या कमरेत जी चमक भरली ती अजून उतरलेली नाही. सध्या मी खुर्चीतून उठताना आधी जाहीर करतो आणि मग उठतो.

घरी आणल्यावर प्लग पाहिला आणि माझ्यातला अधिकारी जागा झाला. यंत्र अमेरिकन, म्हणजे एकशे दहा व्होल्टचं. इथली वीज आपल्यासारखी, दुपटीहून जास्त. सरळ लावलं असतं तर स्मोकरचाच धूर झाला असता. मी सगळ्यांना मागे सारलं आणि अंगणात उभा राहून व्होल्टेज ह्या विषयावर बोललो. शार्दूल म्हणतो, जरा जास्तच बोललो. डेरेक कुंपणापलीकडून ऐकत होते. ते आत गेले आणि पिवळ्या रंगाची एक जड पेटी घेऊन आले. इथे बांधकामावर हत्यारं एकशे दहावरच चालवतात, त्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर. मी तपासला, पसंत केला, जोडला. स्क्रू फिरू लागला, पंखा घुमू लागला, धुराड्यातून पहिली निळसर रेघ वर गेली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी गावंच्या गावं उजळवली आहेत, पण त्या पिंपाएवढं समाधान कशाने दिलं नव्हतं.

उरलेलं बजेट कांड्यांनी खाल्लं. अमेरिकन माणसाने दिलेल्या पिशव्या यंत्र शिकताना बटाटे आणि कणसं भाजण्यातच संपल्या. इथे ज्या मिळतात त्या घर तापवण्याच्या, त्यांत काय मिसळलेलं असेल कुणी सांगावं (मांजराच्या कांड्यांची आठवण मी करून दिली, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही). शेवटी मृणालने अमेरिकेहून मागवल्या. त्या जहाजाने आल्या आणि त्यांचं भाडं मालाहून जड निघालं. तिने तक्त्यात शेवटचा आकडा टाकला, बेरीज बघितली, लॅपटॉप मिटला, आणि म्हणाली, “संपले.” तिचा आवाज मला जरा विचित्र वाटला. पण यंत्र आलं होतं, कांड्या आल्या होत्या, तेव्हा मी फार खोलात शिरलो नाही.

ऑगस्टच्या अखेरच्या सुट्टीला पाहुणे बोलावले. बँकेतले तिचे सहकारी, डेरेक आणि त्यांच्या मिसेस. सदर पदार्थ भल्यामोठ्या आकाराचा, आदल्या दिवशी द्रौपदीने त्याला आमच्याकडचा मसाला चोळून ठेवलेला. पहाटे यंत्र सुरू केलं. जेवणाची वेळ दुपारची. मृणालच्या हिशेबाने तोवर तो बोटाने सुटायला हवा होता. पाहुणे आले तेव्हा तो नुकता कोमट झाला होता. मृणाल दर थोड्या वेळाने आत काटा खुपसून तापमान बघे आणि झाकण पुन्हा लावी. मी व्होल्टेज मोजलं, बरोबर. तारा तपासल्या, बरोबर. पाहुणे सभ्य, हातात ग्लास धरून हवामानावर बोलत होते, आणि हवामान ऐकून पाऊस आला. तेवढ्यात मला आठवलं. अमेरिकेत विजेची फ्रिक्वेन्सी साठ, इथे पन्नास. मोटर इथे हळू फिरणार, कांड्या कमी पडणार, आच मंद राहणार. मी सगळ्या अंगणाला व्होल्टेज शिकवलं आणि फ्रिक्वेन्सी विसरलो. हे मी मृणालला जाऊन सांगितलं. तिने मला दोष दिला नाही. उलट माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही आत जाऊन बसा, कंबर धरेल. मग पावसाचं पाणी त्या पिवळ्या पेटीच्या जोडणीत गेलं आणि घरातली सगळी वीज गेली. इथल्या घरांत तसं संरक्षण असतं, चांगली व्यवस्था आहे. पण वीज मंडळाच्या निवृत्त अधिकाऱ्याने पाहुण्यांसमोर मुलाचं घर अंधारात घालावं, ह्याला माझ्याकडे शब्द नाहीत. दिवस होता म्हणून निभावलं. डेरेक आपल्या गॅरेजमधून ताडपत्री घेऊन आले, मी बटण वर केलं, आणि यंत्र पुन्हा आपल्या चालीने चालू लागलं.

पाहुण्यांचं पोट मात्र राखलं ते टोमॅटोंनी. मृणालने सकाळी सगळ्यांत आधी, रिकाम्या आणि घासलेल्या जाळीवर, टोमॅटो आणि मिरच्या धुरावर ठेवल्या होत्या. त्यांचं तिने दही, दाण्याचं कूट आणि कच्चा कांदा घालून भरीत केलं. द्रौपदीने भराभर पोळ्या लाटल्या. गोरी मंडळी ताटली पुसून खात होती आणि हे कसं करतात ते विचारत होती. डेरेकनी तीनदा घेतलं आणि काहीतरी बोलले, मी मान डोलावली. कांदा घालण्याआधी मृणालने एक वाटी बाजूला काढून त्यावर ताटली झाकली. द्रौपदीने विचारलं, ही कुणासाठी गं? मृणालने त्या वाटीकडे पाहिलं. जणू ती दुसऱ्याच कुणी ठेवली होती. मग म्हणाली, “सवय.” आणि पाण्याचा जग घेऊन बाहेर गेली.

आपल्याला कच्चा कांदा चालत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

ती वाटी तशीच फ्रिजमध्ये राहिली. द्रौपदीने हात लावला नाही, शार्दूलने लावला नाही, मृणाल फ्रिज उघडून त्या वाटीमागचं दूध काढी आणि बंद करी. शेवटी, अन्न वाया जाऊ नये म्हणून, मी ती खाल्ली. भरीत फार सुरेख झालं होतं. धुराचा वास अगदी आतपर्यंत उतरलेला. आपल्या वाटचं खाल्लं ह्याबद्दल क्षमा असावी. सदर पदार्थ त्या दिवशी संध्याकाळी उशिरा तयार झाला, तोवर बँकेची मंडळी घरी गेली होती. डेरेक आणि त्यांच्या मिसेस तेवढे राहिले. कसा झाला होता ते मी आपल्याला सांगणार नाही. डेरेकनी खुर्चीवरून उठून मृणालशी हस्तांदोलन केलं, एवढं लिहितो.

असं हे सगळं आहे. माझी कंबर धरली आहे, गुडघे बोलतात, बाहेर सप्टेंबरातच अंधारून येतं. नोव्हेंबरात आम्ही नागपूरला परतू. तोवर शनिवारी कुठे जायचं नाही, असा माझा निश्चय आहे, आणि शनिवारी गाडीत मीच आधी जाऊन बसतो असा अनुभव आहे. सुचेतावहिनींना नमस्कार. खांद्याला जपावं.

आपला नम्र,
जगदीश गजभिये

ता. क. पत्र वाचून आपल्याला वाटेल की मी मृणालच्या हौसेला कंटाळलो आहे. तसं समजू नये. कंटाळलो आहे हे खरं, पण तिला नव्हे. यंत्राला आता इथल्या विजेवर चालणारी मोटर बसवायची आहे, आणि ती कुठली घ्यावी ह्याचा सल्ला पुन्हा माझ्याकडेच मागितला आहे. ह्या खेपेला मी फ्रिक्वेन्सीपासून सुरुवात केली आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र द्रौपदीने मागून घेतलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं. मग माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “यंत्राचं सगळं लिहून ठेवलं तुम्ही. अन् पैसे कुठले होते, ते?” ते मी लिहिणार नव्हतो. पण ती इथेच खुर्चीत बसून राहिली आहे, तेव्हा लिहितो. मृणालने दोन वर्षं एका वेगळ्या खात्यात पैसे टाकले होते. पुण्याची दोन तिकिटं, आपल्या साठीशांतीसाठी. कुणाला सांगितलं नव्हतं, शार्दूललाही नंतर कळलं. आपली शांत जूनमध्ये झाली. मेच्या अखेरीस वहिनींचा फोन आला की बरीच मंडळी येणार आहेत, तेव्हा तुम्ही दोघं यंदा नको. वहिनींना ते बोलताना किती जड गेलं असेल, ते मी समजू शकतो. फोन ठेवून मृणाल जिन्यावरून खाली आली आणि तिने लॅपटॉप उघडला. बजेटचा आकडा तो होता. त्याच्या वर एक पेनीही नाही, आणि त्यातली एक पेनीही मागे ठेवायची नाही, असा तो हट्ट होता, हे सल्लागाराला फार उशिरा कळलं.

शेवटचा ता. क. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की ते पैसे आता आमच्या अंगणात पिंपाच्या रूपाने उभे आहेत आणि त्यावर ताडपत्री आहे. त्यात बसून पुण्याला येता येत नाही. तेव्हा येणं आपल्यालाच भाग आहे. शार्दूलने व्हिसासाठी लागणारं आमंत्रणपत्र सही करून दिलं आहे, ते सोबत जोडतो. वहिनींनाही आणावं. वरची खोली आम्ही रिकामी करू. आम्हाला तसाही जिना चढवत नाही. आपल्यासाठी वेगळी भांडी द्रौपदी आणून ठेवते म्हणाली, मी तिला थांबवलं. ते आपण इथे येऊन, चार दिवस राहून, मग ठरवावं. मृणालला ह्या पत्राची कल्पना नाही. आपण दारात उभे राहिलात की ती आधी मला विचारेल, बाबांना कुणी बोलावलं? मी सांगणार आहे की कुणी नाही, ते आपणहून आले. आयुष्यभर सरकारी कागदावर खरं लिहिलं, एवढं एक खोटं मी बोलेन. आपण फक्त मान डोलवावी.